टिळा लावलेला टॅब

सकाळचे सात. आंबेवळण गाव. सोमेश्वराच्या देवळात रोजचं पोथीवाचन चालू होतं, आणि वाचणारा ओवीच्या मधोमध थांबला.

घडलं ते एवढंच! कुणी पडलं नाही, कुठं आग लागली नाही. एक ओवी अर्धी राहिली. पण मंडळी, ऐका — त्या अर्ध्या ओवीपायी गावाने नवा टॅब आणला, त्याची पूजा केली, त्याचं कौतुक केलं, आणि शेवटी असं तोंडघशी पडलं, की आजही त्या गावात कुणी 'लख्ख' हा शब्द उच्चारला तर चार माणसं उठून चहाला जातात!

आख्यानाआधी एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका. माणूस पाहतो कशाने? डोळ्याने? नक्की? की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवतो, की आपल्याला काय दिसलं? स्वतःला जे दिसत नाही ते 'दिसलं' म्हणणं — ही श्रद्धा? सभ्यता? की सरळ सरळ खोटं?

मागच्यांना ऐकू येतंय ना? येतंय! छान. सगळ्यांनी माना हलवल्या.

तर आंबेवळण. नदीच्या वळणावरचं गाव, बाजारपेठ चांगली, देऊळ जुनं. देवळात पोथी वाचायला एक आसन आहे. आसन म्हणजे काय — लाकडी पाट, वर घोंगडी, समोर चौरंग. पण त्या पाटावर बसणारा माणूस गावात निघाला की लोक चप्पल काढून नमस्कार करतात! आणि या आसनाची एक चाल आहे. देवापुढं ओवी तुटलेली राहता कामा नये. वाचणारा अडला, आणि दुसऱ्या कुणी ती ओवी पुरी केली, तर आसन त्याचं. तिथल्या तिथं! निवडणूक नाही, ठराव नाही, ओळखपाळख नाही. ज्याच्या आवाजाने ओवी पुरी झाली, तो वाचक. किती छान नियम आहे! म्हणून तर पाळायला जड जातो.

दिगंबरकाका उपळेकर असेच आसनावर आले. हायस्कुलात मराठी शिकवायचे. तरुणपणी एका सकाळी आधीच्या वाचकांना ठसका लागला, काका खालून उभे राहिले, ओवी पुरी केली, आणि त्या दिवसापासून आसनावर. आता सत्तरी उलटली. आवाज कसा? खणखणीत! पाठांतर? अर्धी पोथी तोंडावर. आणि डोळे?

इथं जरा थांबतो. डोळ्यांचं काकांना ठाऊक होतं, तालुक्याच्या डॉक्टरला ठाऊक होतं, आणि तिसऱ्या कुणाला नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ऑपरेशन करून टाका. काही दिवस आराम, धूर नाही, वाकणं नाही." काकांना बाकी काही ऐकू आलं नाही, 'काही दिवस' एवढं ऐकू आलं. काही दिवस आसन रिकामं? त्या काही दिवसांत दुसऱ्या कुणी वाचलं तर? काकू वारल्या, मुलगा परगावी. सकाळी सातला देवळात जायचं, एवढंच एक काम काकांना उरलेलं होतं. ते कसं सोडणार? काकांनी ऑपरेशन पुढं ढकललं. म्हणजे ऑपरेशन पुढं गेलं. मोतीबिंदू तिथंच!

छापील पोथीची पानं हाताला लागली की तुकडे पडायचे, म्हणून समितीने आधीच पोथी टॅबवर घेतली होती. टॅबवर अक्षर मोठं करता येतं. काकांनी केलं. आणखी मोठं केलं. शेवटी शेवटी पडद्यावर एका वेळी दीड ओवी मावायची — अंगठ्याएवढं एकेक अक्षर! तरी त्या सकाळी काका अडले.

देवळात किती माणसं होती? भरपूर. मग ओवी कुणी का पुरी केली नाही? कारण बापे मोबाईलमध्ये होते. बायकांच्या बाजूला नेमका प्रसादाच्या शिऱ्यात साखर कमी की जास्त यावर वाद चालला होता. काकांनी पाणी प्यायलं, आठवलं, ओवी पुरी केली. आसन वाचलं! आणि मग सगळ्यांचं लक्ष वेधून घेत काका गरजले —

"अहो, या पडद्यावर अक्षरं फुटतात! ठिपके दिसतात नुसते! वाचायचं कसं माणसाने?"

झालं! डोळ्याचा दोष गेला पडद्यावर. पडदा काय बोलणार बिचारा?

देवस्थान समितीचे अध्यक्ष श्रीपतराव डुबल. बाजारपेठेत फरशांचं, टाइल्सचं मोठं दुकान, वर राहतं घर. फरशीत तोंड दिसलं पाहिजे, हे त्यांच्या आयुष्याचं तत्त्वज्ञान. ते तिथंच उभे राहिले. "काका, आपण नवा टॅब आणू. सगळ्यात भारी पडद्याचा. आमच्या आबांच्या स्मरणार्थ. चौरंगही नवा करू, त्यावर आबांचं नाव घालू!"

आता काय बिशाद आहे कुणाची 'नको' म्हणायची? मेलेल्या माणसाचं नाव आलं की खर्चाला प्रश्न विचारता येत नाही.

स्टँडवरचा अमर लोहार, मोबाईलवाला, त्याला बोलावलं. अमर आला, टेचात सांगू लागला, "अध्यक्षसाहेब, ह्या नव्या मॉडेलचं रिझोल्युशन बघा तुम्ही! जुन्याच्या दुप्पट ठिपके. इतके बारीक, इतके बारीक, की डोळ्याला कळतसुद्धा नाहीत!"

मंडळी, वाक्य ऐकलंत? डोळ्याला कळत नाहीत, म्हणून जास्त घ्या! उद्या वाणी म्हणाला, ही साखर इतकी भारी आहे की गोडच लागत नाही — घ्याल? तिथं नाही घेणार. इथं घेतली!

आता मी न्यायाने बोलतो, कारण अमर खोटं बोलत नव्हता. फरक असतो का? असतो. तुमच्या दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात ना, ती डोळ्यांपुढं आणा. उकिडवी बसून काढणारी मुलगी आहे, तिला एकेक ठिपका दिसतो. फाटकातून येणाऱ्या पाहुण्याला ठिपके दिसत नाहीत, त्याला मोर दिसतो. आता तुम्ही ठिपके दुप्पट करा. मुलीला कळेल. पाहुण्याला? त्याला तोच मोर! पडद्याचंही तसंच. कोवळा डोळा असेल, अक्षर मुंगीएवढं असेल, टॅब नाकापाशी धरला असेल, तर जुन्या पडद्यावर अक्षराची कड किंचित करवतीसारखी, पायरीपायरीची दिसते, नव्यावर गुळगुळीत. मी दोन्ही हातात धरून पाहिलंय. पण हातभर लांब चौरंगावर ठेवलेला टॅब, अंगठ्याएवढं अक्षर, आणि पाहणारा सत्तरीचा? तिथं तुम्ही ठिपके दुप्पट करा, चौपट करा, काय हवं ते करा — पाहुणा फाटकातच उभा आहे, आणि त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू!

बरं. टॅब शनिवारी आला. लगेच लावला? छे! देवाची वस्तू. सोमवारी पूजा, मग वापर. तोवर सोवळ्यात गुंडाळून गाभाऱ्याच्या कोनाड्यात. देवाचा पुजारी वामन गुरव, फार सरळ माणूस. श्रीपतराव त्याला म्हणाले, "वामन, दोन्ही टॅब एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे, दोन्ही काळे. घोळ नको. पूजा झाली की नव्याला वरच्या कडेवर कुंकवाचा टिळा लाव. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. सगळ्या गावाला फरक दिसू दे!"

"लावतो की अध्यक्ष," वामन म्हणाला.

आणि मंडळी, वामनने टिळा लावला! सांगितलं तसं लावला. पण हात कुणाचा? वामनचा. आणि त्या हाताला वर्षानुवर्षांची सवय काय? रोज पहाटे पोथीचं फडकं सोडायचं आणि ज्या पोथीचं वाचन व्हायचं तिला टिळा लावायचा. पोथी जाऊन टॅब आला, तरी वामनचा हात तोच. समोर दोन टॅब. एक ओळखीचा, एक परका. तोंडात मंत्र, मनात नैवेद्याचा भात — आणि हाताने आपल्या सवयीने ओळखीच्या टॅबला टिळा लावला.

जुन्याला!

नवा टॅब बोडका राहिला, जुना नटून बसला. वामनला कळलं? नाही. गावाला? कसं कळणार! गावाने पडदा कुठं पाहिला? गावाने टिळा पाहिला.

दुपारी सगळे जमले. चौरंगावर दोन्ही टॅब, दोन्हीवर तेच पान. श्रीपतरावांनी टिळ्याकडे बोट केलं. "हा नवा. आता तुम्हीच सांगा!"

आणि काय सांगू महाराज, गाव फुटलं!

"वा वा वा! अक्षर कसं कोरल्यासारखं!"

"मात्रा बघा, मात्रा! टोक बोचेल हाताला!"

"आणि तो शेजारचा जुना, शी! इतके दिवस हे बघत होतो आपण? डोळेच गेले असते!"

एक आजोबा चष्मा घरी विसरून आले होते. ते सगळ्यात पुढं! म्हणाले, "विनाचष्म्याचं दिसतंय मला!" आणि पेठेतल्या एका सद्गृहस्थाने तर कमाल केली. त्याने 'लख्ख आहे, लख्ख!' म्हटलं, तेव्हा पडदा आपोआप बंद होऊन काळा झालेला होता. वामनने बोट लावून चालू केला, तर म्हणतो, "आता तर आणखीनच!"

काकांना विचारलं, "काका, तुम्ही बोला." काका काय बोलणार? त्यांना दोन्हीकडं सारखंच धुकं. पण आपणच तर म्हणालो होतो पडदा वाईट म्हणून! काका चौरंगापुढं बसले, तोंडपाठ होता तोच भाग काढायला सांगितला, आणि डोळे पडद्यावर रोखून धडाधड म्हणून दाखवला. टाळ्या! श्रीपतरावांच्या डोळ्यांत पाणी. आबा धन्य झाले!

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. "मला तर दोन्ही सारखेच दिसतात बाई."

सगळ्यांच्या माना वळल्या. बोलल्या कोण? इंदूवहिनी. श्रीपतरावांच्याच मंडळी! रोज देवळात येणाऱ्या, आपली छोटी छापील पोथी मांडीवर घेऊन काकांच्या मागोमाग ओळीवर बोट फिरवणाऱ्या. त्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि जे दिसलं ते सांगितलं. किती मोठा गुन्हा!

श्रीपतराव दबक्या आवाजात, पण अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असे म्हणाले, "तू चष्म्याचा नंबर तपासून घे."

"मागच्याच महिन्यात तपासलाय."

"मग पुन्हा तपास!"

गाव हसलं. एक जण म्हणाला, "वहिनी, ह्यातलं कळायला जरा नजर लागते." वहिनी म्हणाल्या, "नजर आहे म्हणून तर म्हणते." आणि खाली बसल्या.

तुम्हीही हसताय. हसा! पण मघाशी मी विचारलं, मागच्यांना ऐकू येतंय ना? सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा माझा माईक बंद होता! हा बघा, पेटीवाल्यांना विचारा, नंतर चालू केला त्यांनी. मागच्या दोन रांगांना काय ऐकू आलं मग? माझ्या तोंडाची हालचाल! पुढच्यांनी मान हलवली, म्हणून मागच्यांनी हलवली. आंबेवळण काय फार लांब नाही मंडळी, तुमच्या मागच्या रांगेतच आहे!

मंगळवारी सकाळी सात वाजता वाचन सुरू. काका आसनावर, चौरंगावर टिळ्याचा टॅब. समोर नेहमीपेक्षा जास्त गर्दी, कारण नवा टॅब! बोडका कोनाड्यात, जुना समजून अमरला परत द्यायचा म्हणून. काका रंगात आले होते. डोळे पडद्यावर, पाठांतर जिभेवर. साडेसात झाले. आणि त्या नव्या कोऱ्या, कालच पूजलेल्या, आबांच्या स्मरणार्थ आलेल्या टॅबमधून एका बाईचा चढा आवाज आला —

"अहो! नैवेद्याचा भात उतरवा! लागेल खाली! अहो, उठा की!"

वामनच्या बायकोचा आवाज! नैवेद्याचा भात करपायचा, म्हणून तिने वर्षापूर्वी स्वतःच्या आवाजात गजर लावून ठेवला होता. कशात? जुन्या टॅबमध्ये. रोज साडेसातला तो ओरडायचा, रोज वामन उठून पळायचा, आख्ख्या गावाला पाठ होता तो आवाज! त्याही दिवशी वामन सवयीने उठला, दोन पावलं गेला, आणि जागीच उभा राहिला. चौरंगाकडे बघितलं. कोनाड्याकडे बघितलं. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. आणि त्याच हाताने कपाळ धरलं!

अमर पुढं आला, टॅब हातात घेतला, उलटसुलट केला. "अध्यक्षसाहेब... हा जुना आहे."

देवळात शांतता! मंडळी, अशी शांतता मी आयुष्यभर कीर्तनात मागतो, मला कधी मिळाली नाही!

आता तुम्ही म्हणाल, गावाने कबूल केलं असेल. म्हणाले असतील, 'चुकलो बुवा, काही फरक दिसत नव्हता.' कोण म्हणेल? ते चष्मा विसरलेले आजोबा? छे हो! श्रीपतरावांनी घसा साफ केला. "वामनची चूक. तो दुसरा आणा इकडं." बोडका टॅब कोनाड्यातून निघाला, घाईघाईने टिळा लागला, चौरंगावर बसला. आणि कालचीच माणसं, तीच तोंडं —

"हां! आत्ता! हा खरा फरक!"

"मला काल जरा शंका आलीच होती. बोललो नाही!"

काल ज्याला शी म्हणाले, आज त्याला वा! मधे काय बदललं? ठिपके तेवढेच. डोळे तेच. टिळा इकडचा तिकडं गेला!

पण या गडबडीत काकांचं काय झालं, इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पाठ म्हणणाऱ्याचं एक दुखणं असतं. सलग चालला तर तो कोसभर जातो, पण मधे तोडलंत की जागा हरवते. वाचणारा खाली बघून जागा शोधतो. पाठ म्हणणाऱ्याने कुठं बघायचं? काका नव्या पडद्यावर वाकले. धुकं! आणखी वाकले. धुकंच! अमरने ओळीवर बोट ठेवून दिलं, "इथं होता काका." काकांना बोट दिसलं, ओळ नाही. पण कानात कुठंतरी होतं, तेवढ्यावर त्यांनी सुरुवात केली —

रानीं चुकलें वासरूं ।
अंधारीं लागलें हंबरूं ।
गाय न देखे तें लेकरूं ।

आणि थांबले. चौथा चरण येईना! टॅब लख्ख उजळलेला. दुप्पट ठिपके जागेवर. काकांचे ओठ हलताहेत, आवाज नाही. बापे तर अजून टॅबचे फोटो काढताहेत. ओवी देवापुढं तुटून पडली आहे, आणि कुणाच्या खिजगणतीत नाही!

तेव्हा बायकांच्या बाजूने, शांतपणे, स्वच्छ —

परी हाकेसवें धांवली ॥

ओवी पुरी झाली. आवाज इंदूवहिनींचा.

मुद्दाम नव्हत्या बोलल्या हो! रोजच्यासारखं ओळीवर बोट होतं, ओळ संपत नव्हती, तोंडातून निघून गेलं. पण निघालं. काकांनी टॅब बंद केला, हात जोडले आणि पाटावरून उठले. चाल म्हणजे चाल. तडक घरी गेले. आसन रिकामं!

आता, आसन कुणाचं? सांगा की! लहान पोरसुद्धा सांगेल. पण आंबेवळणात समिती आहे मंडळी. लहान पोराला कळतं ते समितीला कळायला बैठक लागते.

त्या रात्री काय, दुपारीच जेवताना श्रीपतरावांच्या घरात संवाद झाला तो ऐका. कुणी सांगितला? वहिनींनीच, साऱ्या आळीला. लपवण्यासारखं त्यात त्यांच्या बाजूने काही नव्हतं!

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही माझ्यापासून एका खांबाच्या अंतरावर बसला होता. ऐकलंत ना?"

"घंटा वाजत होती."

"घंटा कोण वाजवत होतं?"

"देवळात कुणीतरी वाजवतंच की."

"अहो, सगळे फोटो काढत होते. घंटा वाजवायला हात कुणाचा मोकळा होता?"

"आमटी वाढ."

"वाढते. पण मला आसन नको. पाट कडक आहे, माझे गुडघे दुखतात. माझा आवाज होता, एवढं तुम्ही म्हणा. बस्स."

श्रीपतरावांनी आमटी भुरकली. म्हणाले नाहीत.

बुधवारी समितीची बैठक. एकेकाला विचारलं, ओवी कुणी पुरी केली? 'गडबड होती.' 'मी चप्पल बघायला बाहेर गेलो होतो.' 'आवाज आला खरा, पण बाईचा की बाप्याचा, खात्रीने सांगवत नाही.' आणि ते चष्म्याचे आजोबा, ज्यांना विनाचष्म्याचं दिसलं होतं, ते म्हणाले, "माझं कान-मशीन घरी राहिलं होतं!"

पाहता का मंडळी? जे नव्हतं ते साऱ्यांना दिसलं. जे होतं ते कुणालाच ऐकू आलं नाही! नव्या पडद्यावर मात्रेचं टोक बोचत होतं ह्यांना, आणि चार हातांवर बसलेल्या बाईची आख्खी ओळ कानाला लागली नाही. का? कारण त्या ओळीमागून आसन येत होतं. आसनावर आजवर बाई बसलेली नाही. आणि बाई तरी कोण? जी सोमवारी म्हणाली होती, दोन्ही सारखेच दिसतात! तिचा आवाज ऐकू आला म्हणावं, तर तिची नजरही खरी होती म्हणावं लागतं. मग ते वा वा वा जातं कुठं?

शेवटी समितीने काकांना बोलावलं. आसनावर तेच होते, त्यांच्याच तोंडची ओळ तुटली होती. ते सांगतील तो वाचक, सगळ्यांनी मान्य केलं. काका आले, भिंत धरून बसले. श्रीपतरावांनी विचारलं, "काका, आवाज कुणाचा होता?"

काका म्हणाले, "माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करतोय. ते झाल्यावर सांगतो."

बैठक थक्क! मोतीबिंदू? मग तो फुटलेला पडदा? ती ठिपक्यांची अक्षरं? कुणी कुणाकडं बघेना. दारात इंदूवहिनी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, ऑपरेशन डोळ्याचं आहे. मी विचारतेय कानाचं."

काका उठले आणि घरी गेले. कुणी काही म्हणा, मला त्या म्हाताऱ्याची दया येते. 'इंदूचा आवाज' एवढे दोन शब्द म्हणायचे, आणि सकाळी सात वाजता जायला जागा उरायची नाही. पण तरुणपणी ते खालून उभे राहिले, तेव्हा ठसका लागलेल्या म्हाताऱ्याने स्वतः उठून त्यांना पाटावर बसवलं होतं. त्यालाही त्या दिवसानंतर सकाळी जायला जागा नव्हती. त्याने काही 'ठसका बरा झाल्यावर सांगतो' असं म्हटलं नव्हतं!

आता तुमच्याकडे वळतो. सुटलो असं वाटलं होतं ना? तुमच्यातल्या कितीकांनी या वर्षी नवा फोन, नवा टॅब, नवा टीव्ही घेतला? हात वर करू नका, शेजारी बघतो आहे. पडदा लावला, सारं घर समोर बसलं, तुम्ही म्हणालात, 'फरक बघा!' आणि घरातलं कुणीतरी म्हणालं, 'मला तर सारखंच वाटतं.' आठवतंय? कोण होतं? आई? बायको? धाकटी सून? आणि तुम्ही काय म्हणालात? 'तुला त्यातलं कळत नाही!' घ्या हो, नवी वस्तू जरूर घ्या, डोळ्याला पटली तर घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण पडद्यातले ठिपके मोजणाऱ्या माणसा, तुझ्या घरात शेवटचं खरं कोण बोललं, आणि तू ऐकू आलं नाही म्हणालास, ते मोज! देवापुढं हात जोडून मी तुमच्यासाठी जास्तीचे ठिपके मागत नाही. दिसलं नाही तर 'नाही दिसलं' म्हणायला जीभ मागतो. तेवढी जरी मिळाली, तरी पुष्कळ झालं.

आता आंबेवळणचं शेवटचं जे कळलंय ते सांगतो, आणि त्यापुढचं मला ठाऊक नाही. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आसन रिकामंच आहे. सकाळी सगळे खाली बसून मिळून वाचतात. नवा टॅब चौरंगावर असतो, चालू करत नाहीत. आज दुपारी काकांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. संध्याकाळी ते काठी न घेता घराबाहेर पडले, हातात कापडी पिशवी, पिशवीत नारळ. शेजाऱ्यांनी पाहिलंय. पण नारळ देवापुढं फोडायलाही नेतात, आणि त्या देवळाची रीत अशी, की उठणारा वाचक बसणाऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन नारळ हातात देतो. गावच्या चौकातून डावीकडे देऊळ. उजवीकडे डुबलांचं दुकान, वर राहतं घर, दिवेलागणीला इंदूवहिनी गॅलरीत उभ्या असतात. मी इथं उभा राहायच्या आधी अमरचा फोन आला होता. तो म्हणाला, काका चौकात थांबलेत.